फोनांची राखण

आज फोनांच्या राखणीला मावशी होती. खाटेवर चार फोन ओळीने मांडून ती उसवलेली उशी शिवत बसली होती. शिलाई कारखान्यातल्या पाचजणी या एका खोलीत राहायच्या. सुट्टीच्या दिवशी चौघी बाहेर पडायच्या आणि एक मागे थांबायची. फोन खोलीबाहेर गेला, की गावाकडे कुणाच्या नवऱ्याच्या, कुणाच्या भावाच्या नकाशावर ठिपका हलायचा आणि उलटतपासणी सुरू व्हायची. शहरात येऊन बायका मोकळ्या झाल्या म्हणे. दावं तेवढं लांब झालं.

पाचजणींतल्या धाकटीचा फोन वाजला. तिचा नवरा.

"झोपलीय हो ती, जावईबापू," मावशी म्हणाली.

"झोपू द्या. तुम्ही दार उघडा. मी बाहेरच उभा आहे."

मावशी उशी बाजूला सारून उठली. धाकटी मशीनदुरुस्तीच्या परीक्षेला गेली होती. कारखान्यात मशीनवर राबायला बायका आणि मशीन उघडायला पुरुष. पास झाली तर ती पहिली बाई मेकॅनिक. नवऱ्याने बजावलं होतं, असले उद्योग केलेस तर उचलून गावी आणीन.

तो आत आला. खाटेखालीही वाकून पाहिलं त्याने. मग बायकोचा नंबर लावला. फोन त्याच्याच गुडघ्यापाशी वाजला.

"कुठंय ती?"

"तुम्हाला दिसत नाही का त्यात?"

"मी मोकळीक दिली म्हणून ती इथे आली, मावशी. विसरू नका."

या मोकळीक देणाऱ्याच्या घरावरचे नवे पत्रे धाकटीच्या पगारातून आले होते. मावशीच्या डोक्यात सणक गेली.

"द्यायला मोकळीक तुमच्याकडे आली कुठून?"

तेवढ्यात धाकटी दारात आली. हात मनगटापर्यंत तेलाने काळे. नवऱ्याला पाहून तिचा चेहरा उतरला, पण बोलली ती मावशीशी.

"पास झाले."

"सामान आवर," नवरा म्हणाला. "आता तू मला घरात दिसली पाहिजेस."

धाकटी आत आली. मग तिने खाटेवरचा आपला फोन उचलला, त्याला चार्जर गुंडाळला आणि नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात सरकवला. खिशावर तिची काळी बोटं उमटली.

"हा घेऊन जा," ती म्हणाली. "रोज घरातच दिसेन."