पाठकोरे कागद

"आधी घसा खाकर," मुलगी म्हणाली. "साहेब खाकरतात म्हणतेस ना? मग तसंच कर."

आईने घसा खाकरला. डोळ्यांवर नसलेला चष्मा काढला, हातातल्या फडक्याने पुसला, परत चढवला. "हं. तर मॅडम, हीच भाषा का शिकायची आहे तुम्हाला?"

मुलगी खुदकन हसली. आईही हसली आणि लगेच डोळे वटारले. "उद्या अशी हसलीस तर बघ. दात काढायला नाही बोलावलेलं तुला."

मुलाखत उद्या सकाळी अकराला होती. शिष्यवृत्तीची जागा एकच. मिळाली तर तीन वर्षं परदेशात राहून तिथली भाषा शिकायची. नाही मिळाली तर सोमवारपासून मावशीच्या ओळखीने शिवणाच्या कारखान्यात, काजं-बटणांच्या टेबलावर. पुढच्या वर्षी वय उलटत होतं, म्हणजे अर्जाचाही प्रश्न मिटला.

त्याच कार्यालयात आई अकरा वर्षं फरशी पुसत होती. मुलाखतींच्या दिवशी तिची बादली नेमकी त्या दाराबाहेर अडून बसायची. ऐकून ऐकून तिला सगळे प्रश्न तोंडपाठ झाले होते. वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं. चुकलं, एक नाव येत होतं. पहिलीत असताना मुलीने तिला आपलं नाव गिरवायला शिकवलं होतं, तेवढंच. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा लिफाफ्यावरच्या त्या नावावरून आईने इतक्यांदा बोट फिरवलं की शाई फिसकटली.

मुलीचे लिहायचे कागदही तिथलेच. टायपिस्ट चुकलेले कागद टोपलीत टाकायचा आणि आई ते सरळ करून घरी आणायची. मागची बाजू कोरी असायची. पाच वर्षांत मुलीने असे कितीतरी गठ्ठे संपवले होते.

आज आईची स्वारी भलतीच खुशीत होती. एरवी कामावरून आली की पाय चोळत बसायची. आज आल्या आल्या तिने इस्त्री तापवली आणि मुलीचा तोच एक सदरा दुसऱ्यांदा इस्त्री करायला घेतला. वर गुणगुणणं चालूच.

"आता तिसरा," इस्त्री फिरवत ती म्हणाली. "शिकून झाल्यावर परत येणार का तुम्ही?"

इथे मुलीचं घोडं दरवेळी पेंड खायचं. "थांब, हे लिहूनच काढते," म्हणत तिने नव्या गठ्ठ्यातून एक कागद ओढला आणि आधी उलटून पाहिला. तिची सवयच होती ती. मागचा मजकूर त्या परक्या भाषेत असला की ती तो वाचून काढायची. तेवढाच सराव.

मजकूर त्याच भाषेत होता. तिकडच्या विद्यापीठाला पाठवायचं पत्र. यंदाच्या शिष्यवृत्तीसाठी आम्ही निवडलेला विद्यार्थी, असं म्हणून पुढे एका मुलाचं नाव. आडनाव साहेबांचंच. नावातलं एक अक्षर चुकलं होतं, ते लाल शाईने दुरुस्त केलेलं. खाली, त्याच्यासाठी वसतिगृहात खोली राखून ठेवावी ही विनंती. तारीख कालची.

तिने पुन्हा वाचलं. एकही शब्द अडला नाही. मेल्यांनो, मग बोलावलंत कशाला? उद्या चष्मा पुसून पुसून विचारणार काय मला?

आई पाठमोरी होती. सदऱ्याच्या कॉलरवर पाणी शिंपडत होती. हिला कळलं तर? उद्या ही त्याच दाराबाहेर बादली घेऊन बसणार, आणि परवापासून त्याच माणसाच्या खोलीची फरशी पुसणार. आईला वाचता येत नाही याचं मुलीला आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटलं. तिने कागदाची घडी घातली आणि वहीत सारली.

"काय गं, वाचा बसली का?"

"नाही. आठवत होते."

"उद्या साहेब थांबणार नाहीत तुझ्यासाठी. परत येणार का तुम्ही?"

"येणार," मुलगी म्हणाली. "आईला न्यायला येणार."

आईचा हात थांबला. इस्त्री उभी करून ती जवळ येऊन बसली. "हे झकास. हेच सांग." मग घरात तिसरं कुणी नसतानाही आवाज खाली आणून म्हणाली, "तो लाल शाईचा कागद लागला का हाताला?"

मुलीने वही जवळ ओढली.

"अगं, काल साहेब टायपिस्टवर केवढे खेकसले! म्हणे, निवडलेलं नाव तरी नीट टाइप करा! मी म्हटलं, म्हणजे तुला निवडलंसुद्धा? टोपली तर मीच रिकामी करते. आणला उचलून, आणि दिला गठ्ठ्यात सारून. बोलले नाही, दृष्ट लागते." तिचे डोळे भरून आले होते. "अकरा वर्षं पुसलंय गं मी त्यांचं सगळं. मला वाटायचं, माझ्याकडे कुणाचं लक्षसुद्धा नाही. जाण ठेवली बघ माणसांनी. उद्या मात्र काही ठाऊक नसल्यासारखी बस."

मुलगी वहीचा कोपरा दुमडत राहिली.

"त्या परक्या अक्षरांत तुझं नाव मला ओळखता येत नाही," आई म्हणाली आणि तिने बोट पुढे केलं. "कुठंय ते? वाच की मोठ्यानं."

मुलीने वहीतून कागद काढला आणि घडी उलगडली. आईचं बोट धरून लाल शाईच्या अक्षराखाली टेकवलं आणि मोठ्याने स्वतःचं नाव वाचलं.