सावलीतली रांग

रिकाम्या टाकीची शिडी चढताना राधाकिशनच्या पायातली एक चप्पल निसटली. ती खाली आपटल्याचा आवाज आला तोवर त्याच्या आणखी चार पायऱ्या झाल्या होत्या. त्याने खाली पाहिलं नाही. चप्पल उद्या सकाळीही मिळाली असती.

तो कारखान्याचा राखणदार. ऊसच नाही म्हणून सहकारी कारखाना तीन हंगाम बंद, त्यामुळे राखायला गंज आणि कुलपं एवढंच. त्या मे महिन्यात ऊन असं होतं, की कावळे उडायचं सोडून भिंतीच्या कडेकडेने चालत जायचे. तासाभरापूर्वी चेअरमन अर्जुनरावांचा फोन आला होता. "उद्या पाहणी आहे, आज चारला मी येतो. आवारात एक जनावर दिसलं, तर तू उद्यापासून घरी बस."

आणि आवारात जनावरं होती. पडक्या भिंतीतून म्हाताऱ्या मुंजाजीबाची चाळीस मेंढरं आत शिरली होती, त्यांच्यामागे तोही. राधाकिशन काठी घेऊन हाकलायला निघालाही. पण अर्ध्या वाटेत थबकला, काठी टाकली आणि खिशातला फोन चाचपत टाकीकडे पळत सुटला.

त्याच्या फोनमधल्या फोटोंत माणसं नव्हतीच, नुसत्या सावल्या. वजनकाट्याच्या भिंतीवर सायकलच्या चाकाची. काटेरी तारेची, मुंग्यांच्या रांगेसारखी. भाकरी थापणाऱ्या बायकोची एक होती, अगदी अस्वल. ती दाखवल्यावर सत्यभामेने त्याला दोन दिवस वाढलं नव्हतं. "सावलीलाच वाढते," म्हणाली, "तिचं पोट भरलं की तुमचं बी भरंल."

टाकीच्या माथ्यावर पोचून त्याने वाकून पाहिलं आणि उन्हाने नाही, आनंदानेच त्याला घेरी आली.

कारखान्याच्या चिमणीची सावली पटांगणावर काळ्या पट्ट्यासारखी आडवी पडली होती. दुसरी सावली पटांगणात कुठे नव्हती. चाळीसातली एकोणचाळीस मेंढरं त्या पट्ट्यात एकामागे एक उभी होती, पुढचीच्या पोटाखाली मान घालून. एकही खूर बाहेर नाही. वरून मेंढरं दिसतच नव्हती. सावलीलाच लोकर फुटली होती.

फक्त टोकाशी एक एडका उन्हात उभा होता. सगळं चित्र नासवत.

"मुंजाजीबा," राधाकिशन वरून ओरडला, "तेवढा एडका आत घ्या."

म्हाताऱ्याने कपाळावर हात धरून वर पाहिलं. "जातो की रं बाबा. कावून वरडायलास? ऊन उतरू दे जरा."

"जाऊ नका म्हणतोय मी. हलू बी नका."

"सभासद हाय मी ह्या कारखान्याचा. ऊस न्हाई, साखर न्हाई. सावली तरी घिऊ द्याल का न्हाई?"

"सगळी घ्या ना बा. पण एडका आत घ्या."

मुंजाजीबा जवळच्या मेंढीला म्हणाला, "ह्याला लई ऊन लागलंय." तरी त्याने एडक्याला शिंगाला धरून रांगेत कोंबलं.

झालं. आता नुसतं बोट टेकवायचं. पण उन्हाने फोन भाकरीसारखा तापला होता आणि कॅमेरा उघडेना. राधाकिशनने त्याला फुंकर घातली. काखेत धरला. पुन्हा फुंकर घातली. तेवढ्यात बीडच्या रस्त्यावर धुरळा उठला.

चेअरमनची गाडी फाटकाशी थांबली. फाटकाला कुलूप, आणि किल्ल्या टाकीवर, राधाकिशनच्या कमरेला. त्याने किल्ल्यांचा जुडगा मुठीत गच्च दाबला, वाजू नये म्हणून. खाली उतरायचं, मेंढरं हाकलायची आणि नोकरी वाचवायची, एवढा वेळ अजून होता. तो पालथा पडला आणि फोनला फुंकर घालत राहिला.

अर्जुनराव भिंतीच्या खिंडारातून पायीच आत आले. पांढरे कपडे, पांढरे बूट, उघडं डोकं. "राधाकिशन" अशी एक हाक मारली, दुसरी घशातच वाळली. निम्मं पटांगण ओलांडेपर्यंत डोक्यावर रुमाल आला आणि चालण्याचं पळणं झालं. रागवायचं होतंच, पण ते सावलीत उभं राहून रागवलेलं बरं, असं त्यांना वाटलं असावं. दोन मेंढ्यांच्या मधल्या जागेत ते शिरले.

"कुणाला विचारून आणली आत?"

"मी कशाला आणू, सायब? त्यांनाच सावलीचा वास लागला."

"पाच मिनिटांत बाहेर काढ."

"काढतो की," मुंजाजीबा म्हणाला, आणि जागचा हलला नाही. अर्जुनरावही हलले नाहीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुणीच मोजत नव्हतं.

वर फोन एकदाचा निवला. कॅमेरा उघडला. चौकटीत चिमणीची अख्खी सावली, लोकरीची रांग, आणि रांगेच्या मधोमध एक पांढरा ठिपका, ज्याने मान वर केली असती तर राधाकिशनची नोकरी तिथेच संपली असती. राधाकिशनने श्वास रोखून धरला.

खाली अर्जुनरावांच्या एका कानावर ऊन आलं होतं. मागची मेंढी ढुशी देत होती. ते हळूच, जवळपास विनवणीने म्हणाले, "जरा सरकवा की तुमची मेंढरं."

"सरकवायचं काम न्हाई, सायब," मुंजाजीबा म्हणाला. "सावलीच सरकती. तुमी तिच्यासंगं चला."

चाळीस मेंढरांनी उजवीकडे एक पाऊल टाकलं. त्यांच्यासोबत एका पांढऱ्या बुटानेही.

राधाकिशनने बोट टेकवलं.