गंजाचे डाग

जीवाश्म झालेल्या प्रवाळाचा आकार पाहून त्या काळच्या उथळ समुद्रात उजेड किती होता, हे सुरुची सांगायची. पाणी गढुळलं की प्रवाळ पसरट होत जातं, मिळेल तेवढा उजेड घ्यायला.

आईच्या तेराव्यानंतर पापडी गावातल्या माहेरच्या घरात आईचं शिलाई मशीन हलवताना तिला फरशीवर मशीनच्या पायांचे गंजके डाग दिसले. सगळ्यात जुने भिंतीपाशी, मग खोलीच्या मध्यावर, ताजे थेट खिडकीखाली.

"बाबा, आईला दिसत नव्हतं?"

"सुईत दोरा मीच ओवून द्यायचो. तुला सांगू नका म्हणाली, काम टाकून धावत येशील म्हणून."

सुरुचीला दिवाळीत आईनं शिवलेला कुर्ता आठवला. शिवण वाकडी आली म्हणून तिनं तो उसवून शिंप्याकडून नीट करून घेतला होता. वर आईला फोटोही पाठवला होता, बघ आता कशी सरळ आलीय म्हणून.