डावं फुटरेस्ट

गुलू शहरात ओकेनी घराच्या अंगणातच मोटरसायकलींची कॅरियर आणि गार्डं वेल्डिंग करून द्यायचा. भाड्याची मोटरसायकल चालवणारा ओजारा म्हणाला, "काका, मागच्या सीटचं डावं फुटरेस्ट चार बोटं वर घ्या. फक्त डावं."

"मागे कोण बसतं?"

"आई."

ओजाराची आई रोज बाजारात तरातरा चालताना दिसायची. ओकेनीच्या मनात पाल चुकचुकली.

"आईचा पाय कधी आखूड झाला रे?"

ओजारा खाली बघू लागला. घरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

अख्ख्या वस्तीत असा आखूड डावा पाय एकीचाच होता. ओकेनीने चष्मा कपाळावर सरकवला आणि दाराकडे बघत लेकीला हाक मारली, "लामवाका, बाहेर ये. सीटवर बस. असल्या अंदाजपंचे मापावर मी तुला याच्या मागे बसवून पाठवणार नाही."