देवासवर येणारा तुकडा

"आबासाहेब, तुकडा देवासवर येतोय," स्वप्नाली फोनवर म्हणाली, तेव्हा मानसिंगरावांनी ओठाशी नेलेला चहा तसाच खाली ठेवला.

कसला तुकडा, हे विचारायची गरज नव्हती. लेक बंगळुरूला सरकारी केंद्रात होती. आकाशात फिरणाऱ्या जुन्या रॉकेटांच्या भंगारावर नजर ठेवायची, हे तिचं काम. सरकारनं त्यात कोट्यवधी ओतले, म्हणून मानसिंगराव चारचौघांत तिची थट्टा करायचे. "आधी धारच्या नाल्या साफ करा म्हणावं, मग आभाळ झाडा."

आज थट्टा सुचेना. "देवासात कुठं?"

"काकासाहेबांच्या मोहल्ल्याच्या आसपास. अजून जाहीर नाही, कुणाला बोलू नका. दोन दिवस त्यांना धारला आणा. फोनवर ते ऐकायचे नाहीत. तुम्ही स्वतः जा."

इथेच तर घोडं पेंड खात होतं. दसऱ्याचा पहिला मानाचा विडा कुणाच्या हाती, यावरून दोघा भावांचं बिनसलं होतं. घराण्याची रीत अशी, की थोरल्या पातीनं, म्हणजे थोरल्या भावाच्या घरानं, धाकटीच्या दारी आधी जायचं नाही आणि धाकटीनं बोलावल्याशिवाय यायचं नाही. रीत पाळता पाळता दोघांचे केस पिकले. धाकटा राजवर्धन तिकडे देवासला बायको गेल्यापासून एकटाच राहत होता.

उमाबाईंनी गाडीची किल्ली हातात आणून दिली. एरवी नवऱ्यानं या वयात गाडी चालवलेली त्यांना खपत नसे. "सावकाश जा," एवढंच म्हणून त्या पुरणाची डाळ शिजत घालायला आत गेल्या. सण नसताना पुरण कशाला, हे विचारायचं भान मानसिंगरावांना नव्हतं.

इंदूर ओलांडेपर्यंत त्यांनी मनात कडक भाषण जुळवलं. देवासची टेकडी दिसली आणि भाषण विरघळलं. लहानपणी हाच राजा त्यांच्या पाठंगुळी बसून ती टेकडी चढायचा. खड्ड्यात गेला तो विडा, माझा भाऊ वाचला पाहिजे, असं ते मोठ्यानं म्हणाले.

दाराला कुलूप होतं.

"काकासाब तर सुबेच निघाले," शेजारची नीतू म्हणाली. "जल्दी जल्दीत फोन पण घरीच विसरले. आत वाजतोय बघा कधीचा."

ज्या पायरीवर पाय ठेवायचा नव्हता, तिच्यावर मानसिंगराव मटकन बसले. इतकी वर्षं मानापमानात घालवली, याचं त्यांना रडू आलं आणि नीतूसमोर ते लपवलंही नाही. मग त्यांनी घरी फोन लावला.

"राजा घरी नाही. आता कुठं शोधू मी त्याला?"

उमाबाईंच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"शोधू नका, भाऊजी इथं आलेत. आल्यापासून मला गाडीत बसा म्हणून धोशा लावलाय," त्या म्हणाल्या. "तुकडा धारवर पडणार आहे, असं स्वप्नालीनं त्यांना सांगितलंय."