आज काय खाल्लंस?

"आज काय खाल्लंस?" फोनवर बाईंनी विचारलं.

"दोन भाकरी, मटकीची उसळ आन् एक उकडलेलं अंडं."

"कांदा?"

"ऱ्हायला."

"उद्या खा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

खोलीत सुरज पुन्हा एकटा. वरवंडचं हे पोरगं जूनमध्ये शिरूरला बी.एस्सी.ला आलं, खोली घेतली, नवं सिम घेतलं आणि वडापाव-बिस्किटांवर दिवस ढकलू लागलं. ना शेजार, ना मित्र. घरून फोन आला तर तो मार्कांचा. भूक लागली की माणूस जेवतोच, त्यात विचारायचं काय, असा वडलांचा खाक्या.

त्यात कॉलेजनं विद्यार्थ्यांच्या खाण्यापिण्याचा सर्वे काढला. साधना मॅडमनी सुरजचं वजन केलं, अंगातली चरबी नि स्नायू मोजले आणि कपाळाला हात लावला.

"अरे, अंगावर मांस आहे कुठं? दिवाळीआधी पुन्हा मोजू." फॉर्मवर त्याचा नंबरही लिहून घेतला.

आठवड्याभरात एका बाईंचा फोन आला. "जेवलास का?" एवढंच बाई म्हणाल्या.

"कोण? सर्वेवाल्या मॅडम का?" सुरजनं विचारलं.

मग आवाज आला, "व्हय. सर्वेच की."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला फोन ठरलेला. सुरुवातीला गडी बिनधास्त थापा मारायचा. पण बाई कसल्या वस्ताद! "उसळीला फोडणी कशाची दिलीस?" म्हटल्यावर याची बोबडी वळली. दुसऱ्याच दिवशी त्यानं शेगडी आणि तवा आणला. भाकरी थापायला बाईंनीच शिकवलं. पाणी कढत घे, पीठ चांगलं मळ, घाई करू नगं. त्यांच्या बोलण्यामागं रेल्वेची शिट्टी ऐकू यायची. शिरूरला कुठली आलीय रेल्वे? बाई दौंडहून येऊन-जाऊन करत असणार, असं त्यानं धरून टाकलं.

पहिली भाकरी टम्म फुगली, तेव्हा ती बातमी सांगायला त्याच्याकडं एकच माणूस होतं. तो सातची वाट बघत बसला.

दिवाळी तोंडावर आली, तसं कॉलेजात शेवटचं मोजमाप झालं. वजन चार किलोनं वाढलेलं, तेही बरंचसं स्नायूंचं. साधना मॅडम खूश. सुरज मात्र तिथंच रेंगाळला. सर्वे संपला की फोनही संपला. मग रांधायचं तरी कुणासाठी?

"मॅडम, त्या रोज फोन करतात ना, त्या मॅडमना तेवढा फोन चालू ठेवायला सांगा," तो धीर करून म्हणाला.

"कुठल्या मॅडम? आम्ही कुणालाच फोन केला नाही रे. नंबर नुसता तारीख कळवायला घेतला होता."

सुरज बाहेर व्हरांड्यात आला. आजवर त्यानं आपणहून बाईंना कधी फोन लावला नव्हता. आता लावला. पहिल्याच रिंगला कुणीतरी उचलला. आवाज पुरुषाचा होता, थकलेला.

"हॅलो... ह्यो फोन माझ्या बायकूचा हाय," तो माणूस अडखळत म्हणाला. "हितं तर आमच्या सम्राटचं नाव आलंय, नंबर बी त्येचाच. परवाच पोराचं वर्षश्राद्ध घातलं, बाबा. तू कोण?"