अबोला

डोळ्यांखालच्या पिशव्या काढून घ्यायच्याच, असा हट्ट आईने धरला आणि बाबांनी धरला अबोला! तो आज ऑपरेशनच्या दिवशीही सुटला नव्हता.

"हृदयासाठीची ती रक्त पातळ करायची गोळी बंद केलीत ना? नाहीतर रक्त थांबता थांबणार नाही," डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"बंद म्हणजे बंद! हातसुद्धा लावला नाही," आई ऐटीत म्हणाली आणि आत गेली.

दार लागलं, तसे इतका वेळ लांब, बाहेरच्या बाकावर फुगून बसलेले बाबा उठून लेकीजवळ आले. अखेर बोलले एकदाचे! तिला हायसं वाटलं.

"नटण्यापुढे तुझ्या आईला जिवाचीही फिकीर नाही बघ. गोळ्या तशाच पडून असतात."



"पण तू घाबरू नकोस. मी रोज गुपचूप कुस्करून तिच्या दुधात घालतोय."